आरोग्यविमा, भारतातील

आजारपण, प्रसूती, अपघात इ. कारणांनी उद्भवणारा वैद्यकीय खर्च व त्या काळात बुडणारे उत्पन्न यांची भरपाई अनेकांनी मिळून जमविलेल्या निधीतून करण्याची व्यवस्था म्हणजे आरोग्यविमा होय. कोणती व्यक्ती केव्हा आजारी पडेल हे सांगता येत नाही. परंतु मोठ्या समूहात वर्षभरात साधारणपणे किती जण आजारी पडतील व त्यांच्या उपचारांवर किती खर्च होईल, याचा अंदाज बांधता येतो. या तत्त्वावर सर्व विमा उभा आहे. वैद्यकीय सेवेच्या खर्चाची तरतूद तीन मार्गांनी होऊ शकते : शासनाने करांच्या उत्पन्नातून सर्वांना सेवा पुरविणे; कामगार व मालक यांच्या सक्तीच्या अंशदानातून सामाजिक विमा चालविणे आणि व्यक्तीने स्वेच्छेने हप्ता भरून विमा कंपनीकडून विमापत्र घेणे. यांपैकी कोणतीही सोय नसल्यास रुग्णाला स्वतःच्या खिशातून किंवा कर्ज काढून खर्च करावा लागतो. भारतात हे चारही प्रकार एकाच वेळी आढळतात. उपचार मिळण्याचा हक्क नागरिक या नात्याने, नोकरदार या नात्याने की हप्ता भरणारा या नात्याने, हा प्रश्न या देशातील आरोग्यविम्याच्या इतिहासात सतत पुढे येत राहिला आहे.

पूर्वपीठिका : सक्तीच्या आरोग्यविम्याचा पहिला राष्ट्रीय कायदा जर्मनीत बिस्मार्कच्या कारकीर्दीत १८८३ मध्ये झाला. त्यानुसार कामगारांनी दोन तृतीयांश व मालकांनी एक तृतीयांश अंशदान द्यावे आणि आजारनिधींनी औषधोपचार व आजारभत्ता द्यावा, अशी व्यवस्था होती. ब्रिटनमध्ये लॉइड जॉर्ज यांच्या पुढाकाराने १९११ मध्ये राष्ट्रीय विमा अधिनियम संमत झाला. त्यात कामगाराला आपल्या भागातील नोंदणीकृत डॉक्टरांच्या यादीतून एकाची निवड करता येई; मात्र त्याच्या बायकामुलांना वैद्यकीय उपचारांचा लाभ नव्हता. ही उणीव दूर करून ५ जुलै १९४८ पासून ब्रिटनने करांवर आधारलेली, सर्व रहिवाशांना खुली असलेली राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू केली. भारतात याच सुमारास जी धोरणे ठरत होती, त्यांवर या दोन्ही विचारांची छाप दिसते.

एकोणिसाव्या शतकात भारतातील पाश्चात्त्य पद्धतीची वैद्यकीय सेवा मुख्यतः लष्कर, सरकारी अधिकारी व मोठी शहरे यांच्यापुरती मर्यादित होती. दानशूर व्यक्तींच्या देणग्यांतून काही मोठी रुग्णालये उभी राहिली. मुंबईचे सर जमशेटजी जीजीभाई रुग्णालय हे त्यांपैकी एक प्रमुख उदाहरण होय. तथापि कापडगिरण्या व रेल्वे यांच्या वाढीबरोबर शहरांत एकवटलेल्या कामगारवर्गाला आजारपणात कोणताही कायदेशीर आधार नव्हता. कामगार नुकसानभरपाई अधिनियम १९२३ मध्ये झाला. पण तो कामावरील अपघात व व्यवसायजन्य रोग यांच्यापुरताच होता. मुंबई इलाख्याने १९२९ मध्ये प्रसूती लाभाचा कायदा केला. अशा प्रकारचा हा देशातील पहिलाच कायदा होता. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने १९२७ मध्ये आजारविम्याविषयीचे संकेत संमत केले, तेव्हा कामगारांचे स्थलांतर, वैद्यकीय सोयींचा अभाव व अंशदान देण्याची त्यांची असमर्थता ही कारणे पुढे करून ती कल्पना येथे अव्यवहार्य ठरविण्यात आली. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील शाही मजूर आयोगाने (१९२९–३१) मात्र कामगारांना आजारविम्याची गरज असल्याचे मान्य केले. त्यानंतरही एक तप हा विषय पत्रव्यवहार व परिषदा यांतच अडकून पडला.

आदारकर अहवाल : दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, मार्च १९४३ मध्ये, औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम बी. पी. आदारकर यांच्याकडे सोपविण्यात आले. त्यांनी १९४४ मध्ये अहवाल सादर केला. या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. कापड, अभियांत्रिकी आणि खनिजे व धातू या तीन उद्योगगटांतील कायम स्वरूपाच्या कारखान्यांना सक्तीचा, अंशदायी विमा लागू करावा, अशी आदारकरांची शिफारस होती. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेचे तज्ञ स्टॅक व राव यांनी या योजनेची छाननी केली. प्रसूती लाभ व कामावरील अपघातांची भरपाई यांचाही तीत समावेश करावा आणि ती सर्व बारमाही कारखान्यांना लागू करावी, असे त्यांनी सुचविले. या आधारावर तयार झालेले विधेयक १९४६ मध्ये मांडण्यात आले व एप्रिल १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा अधिनियम म्हणून संमत झाले.

भोर समिती : आदारकर कारखान्यातील कामगाराचा विचार करीत असतानाच, ऑक्टोबर १९४३ मध्ये नेमलेली सर जोसेफ भोर यांची आरोग्य सर्वेक्षण व विकास समिती संपूर्ण लोकसंख्येचा विचार करीत होती. समितीचा अहवाल १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नोंदविलेली परिस्थिती भयावह होती. ब्रिटिश हिंदुस्थानात सु. ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर होता. दर हजार लोकसंख्येमागे रुग्णालयातील एक खाटही नव्हती, हे प्रमाण सु. ०·२४ एवढेच होते. जिवंत जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी सु. १६२ बालके वर्षाच्या आत दगावत. खर्च झेपत नाही म्हणून कोणीही पुरेशा वैद्यकीय सेवेला मुकता कामा नये, हे तत्त्व समितीने पायाभूत मानले. सेवा गरीब-श्रीमंत असा भेद न करता विनामूल्य असावी व ज्यांची ऐपत आहे त्यांनी आपला वाटा करांच्या रूपाने द्यावा, असा तिचा अभिप्राय होता. ग्रामीण भागावर भर, प्रतिबंधक व उपचारात्मक सेवांची सांगड आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांचे जाळे ही या अहवालाची प्रमुख अंगे होत.

अशा प्रकारे स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर देशासमोर दोन आराखडे होते. संघटित कामगारांचा आराखडा कायद्यात उतरला आणि त्याला स्वतःचा, अंशदानातून येणारा निधी मिळाला. सर्व जनतेचा आराखडा मात्र पंचवार्षिक योजनांतील उपलब्ध तरतुदीवर अवलंबून राहिला. संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदाने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याच्या प्राथमिक कर्तव्यांपैकी एक मानले आहे. परंतु तो मार्गदर्शक तत्त्वांत असल्याने न्यायालयामार्फत थेट अंमलात आणता येत नाही.

कर्मचारी राज्य विमा योजना : या योजनेचा प्रारंभ २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे झाला. कानपूर येथील समारंभात पंडित जवाहरलाल नेहरूंनी तिचे उद्‌घाटन केले. आरंभी सु. १·२० लाख कामगारांना तिचा लाभ मिळाला. यंत्रशक्तीचा वापर करणारे व वीस किंवा अधिक कामगार असलेले बारमाही कारखाने आणि दरमहा ४०० रुपयांपर्यंतचे वेतन, अशी तिची मूळ मर्यादा होती. काही शहरांतील मालकांवरच अंशदानाचा बोजा पडल्यास त्यांचा माल स्पर्धेत महाग ठरेल, अशी तक्रार पुढे आल्यामुळे १९५१ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून देशभरातील मालकांकडून विशेष अंशदान घेण्याची तरतूद करण्यात आली. योजना १९५४ मध्ये मुंबईत आली. महाराष्ट्रात ती राज्य कामगार विमा योजना या नावाने परिचित आहे.

योजनेत वैद्यकीय उपचारांबरोबरच आजारभत्ता, प्रसूती लाभ, अपंगत्व लाभ, अवलंबितांचे निवृत्तिवेतन व अंत्यविधीचा खर्च यांचा अंतर्भाव होतो. आजारी कामगाराला औषधाइतकीच बुडालेल्या रोजाची भरपाई आवश्यक असते, हे तत्त्व तीमध्ये मान्य करण्यात आले. नंतरच्या काळात सुरू झालेल्या बहुतेक विमा योजनांत रोजाच्या भरपाईची ही तरतूद नाही. वैद्यकीय सेवा पुरविण्याच्या दोन पद्धती रूढ झाल्या. काही ठिकाणी योजनेचे स्वतःचे दवाखाने उघडण्यात आले, तर मुंबईसारख्या ठिकाणी खाजगी डॉक्टरांची यादी करून कामगाराला त्यांपैकी एकाकडे नाव नोंदविण्याची मुभा देण्यात आली. अशा डॉक्टरांना नोंदलेल्या व्यक्तींच्या संख्येनुसार मोबदला मिळे. पुढे रुग्णालयेही उभारण्यात आली. परळ येथील महात्मा गांधी स्मारक रुग्णालय हे गिरणगावातील कामगारांच्या परिचयाचे होते. कामगारांच्या कुटुंबीयांना वैद्यकीय सेवा देण्यास १९५८ पासून प्रारंभ झाला.

वेतनमर्यादा वेळोवेळी वाढवून १ जानेवारी २०१७ पासून ती दरमहा २१,००० रुपये करण्यात आली. अंशदानाचे दर १ जुलै २०१९ पासून घटवून मालकांसाठी वेतनाच्या ३·२५ टक्के व कामगारांसाठी ०·७५ टक्के असे ठरविण्यात आले. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये १९४८ च्या अधिनियमातील तरतुदींचा समावेश करण्यात आला आहे.

या योजनेचा मूलभूत दोष तिच्या रचनेतच होता. तिचा हक्क नोकरीशी जोडलेला असल्यामुळे अंशदान थांबले की त्यास अनुरूप असलेला लाभकाळ संपताच उपचारांचा हक्कही संपुष्टात येई. मुंबईतील कापडगिरणी कामगारांचा संप १९८२ मध्ये सुरू झाल्यानंतर व पुढे गिरण्या बंद पडत गेल्यावर हजारो कुटुंबांचा रोजगार गेला. रोजगाराबरोबर विम्याचा आधारही गेला. उत्पन्न नाहीसे झाल्यामुळे ज्या वेळी विम्याची सर्वाधिक गरज होती, नेमक्या त्याच वेळी तो नाहीसा झाला. शेतमजूर, बांधकाम कामगार, विडी कामगार, घरकाम करणाऱ्या स्त्रिया इ. असंघटित श्रमिकांचा तर तीत प्रवेशच नव्हता किंवा तो फार मर्यादित होता. देशातील बहुसंख्य श्रमिक याच वर्गात मोडतात.

शासकीय कर्मचारी व ग्रामीण सेवा : केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी १९५४ मध्ये दिल्ली येथे अंशदायी आरोग्य योजना सुरू झाली व नंतर तिचा मुंबईसह अन्य शहरांत विस्तार झाला. रेल्वे व संरक्षण दले यांनी आपल्या स्वतंत्र वैद्यकीय व्यवस्था राखल्या. ग्रामीण भागात समूह विकास कार्यक्रमाबरोबर १९५२ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रे सुरू होऊ लागली. मुदलियार समितीने (१९५९–६१) नवी केंद्रे उघडण्यापूर्वी असलेली बळकट करण्याची शिफारस केली. कारण अनेक ठिकाणी इमारती होत्या, परंतु डॉक्टर, परिचारिका व औषधे यांची टंचाई होती. आल्मा-आता येथील १९७८ च्या जागतिक परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेचा पुरस्कार केला. भारताच्या १९८३ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात तिला स्थान मिळाले. सपाट प्रदेशात ३०,००० व डोंगराळ आणि आदिवासी भागांत २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र हा निकष याच कालखंडात रूढ झाला. पुढे राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात (२००५) गावोगावी आशा कार्यकर्त्या नेमण्यात आल्या.

स्वयंसेवी संस्थांनी या क्षेत्रात काही महत्त्वाचे प्रयोग केले. मद्रास येथे डॉ. संजीवी यांनी १९५८ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेने कुटुंबाच्या उत्पन्नानुसार वर्गणी आकारून वैद्यकीय सेवा देण्याची पद्धत अवलंबिली. अहमदनगर जिल्ह्यात (आताचा अहिल्यानगर) जामखेड येथे रजनीकांत व मेबेल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पात गावातील अल्पशिक्षित स्त्रियांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार करण्यात आले. वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने आसपासच्या खेड्यांसाठी चालविलेल्या योजनेत सुगीच्या वेळी ज्वारीच्या रूपाने वर्गणी गोळा केली जाई. शेतकऱ्याच्या हाती पैसा नसला, तरी खळ्यात धान्य असते, हे लक्षात घेऊन योजलेली ही पद्धत हप्त्याची कल्पना ग्रामीण जीवनाशी जुळवून घेणारी होती. अहमदाबाद येथील सेवा या संघटनेने १९९२ पासून असंघटित स्त्री-श्रमिकांसाठी विमा योजना चालविली.

व्यापारी आरोग्यविमा : सर्वसाधारण विमा व्यवसायाचे १ जानेवारी १९७३ पासून राष्ट्रीयीकरण झाले व तो सर्वसाधारण विमा निगमाच्या चार उपकंपन्यांकडे आला. या कंपन्यांनी १९८६ मध्ये मेडिक्लेम हे विमापत्र बाजारात आणले. रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांचा खर्च ठराविक रकमेपर्यंत भरून देण्याची त्यात हमी होती. बाह्यरुग्ण विभागातील तपासणी व नित्याची औषधे यांचा खर्च मात्र त्यातून मिळत नसे आणि विमा घेण्यापूर्वीच जडलेले रोगही त्यातून वगळले जात. साहजिकच शहरांतील मध्यमवर्गातच त्याचा प्रसार झाला. विमा नियामक व विकास प्राधिकरण अधिनियम, १९९९ नंतर खाजगी कंपन्यांना या व्यवसायात प्रवेश मिळाला. रोकडविरहित उपचार व भरपाईचे मागणे हाताळणाऱ्या त्रयस्थ संस्था यांमुळे व्यवहार सुलभ झाला. पण त्याबरोबर मागणे नाकारले जाणे किंवा अंशतः मंजूर होणे यांसंबंधीच्या तक्रारी विमा लोकपाल व ग्राहक मंच यांच्यापुढे येऊ लागल्या. पूर्वीपासून असलेल्या रोगांसाठीचा प्रतीक्षाकाळ २०२४ मध्ये जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणण्यात आला. वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर सप्टेंबर २०२५ मध्ये माफ करण्यात आला.

शासनपुरस्कृत योजना : गरिबांसाठी २००३ मध्ये सुरू झालेल्या सार्वत्रिक आरोग्यविमा योजनेत व्यक्तीला दिवसाला एक रुपया या हिशेबाने हप्ता होता. तिला मर्यादित प्रतिसाद मिळाला. त्याच वर्षी कर्नाटकात सहकारी संस्थांच्या सभासद शेतकऱ्यांसाठी यशस्विनी योजना कार्यान्वित झाली. आंध्र प्रदेशातील आरोग्यश्री (२००७) या योजनेने हप्ता संपूर्णपणे शासनाने भरून खर्चिक शस्त्रक्रिया खाजगी व शासकीय रुग्णालयांतून मोफत देण्याचा नमुना घालून दिला. केंद्राच्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत (२००८) दारिद्र्यरेषेखालील पाच जणांच्या कुटुंबाला वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंत रुग्णालयीन खर्चाचे संरक्षण होते व कुटुंबाने केवळ ३० रुपये नोंदणीशुल्क भरावयाचे होते.

महाराष्ट्रात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये संपूर्ण राज्यात लागू झाली. पिवळी व केशरी शिधापत्रिका असलेल्या कुटुंबांना ९७१ प्रकारच्या उपचारांसाठी वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंत संरक्षण देणारी ही योजना २०१७ पासून महात्मा ज्योतिबा फुले जनआरोग्य योजना या नावाने ओळखली जाते. राज्यातील सर्व कुटुंबांना पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण देण्याचा निर्णय २०२३ मध्ये घेण्यात आला. गोव्यात २०१६ मध्ये सुरू झालेली दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना उत्पन्नाची अट न घालता पाच वर्षांहून अधिक काळ राज्यात राहणाऱ्या रहिवाशांसाठी आखण्यात आली.

आयुष्मान भारत कार्यक्रमातील प्रधानमंत्री जनआरोग्य योजनेचा प्रारंभ २३ सप्टेंबर २०१८ रोजी रांची येथे झाला. सामाजिक-आर्थिक गणनेच्या आधारे निवडलेल्या १०·७४ कोटी कुटुंबांना प्रतिवर्षी पाच लाख रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचार विनामूल्य देण्याचे तिचे उद्दिष्ट होते. ७० वर्षांवरील सर्व नागरिकांना, त्यांच्या उत्पन्नाचा विचार न करता, २०२४ मध्ये तीत समाविष्ट करण्यात आले. भारतीय आरोग्यविम्याच्या इतिहासात ही बाब विशेष महत्त्वाची होय. कारण त्यांच्या बाबतीत नोकरी, हप्ता किंवा दारिद्र्याचा पुरावा यांऐवजी केवळ वय व नागरिकत्व एवढ्यावर हक्क मान्य झाला.

न्यायालयीन निर्णय : विमा व धोरणे यांच्याबरोबर न्यायालयांनीही या हक्काला आकार दिला. अपघातग्रस्तावर तातडीचे उपचार करण्यास कायदेशीर औपचारिकतेचे कारण सांगून डॉक्टरांनी नकार देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा प्रकरणी सांगितले. पश्चिम बंगालमधील शेतमजूर संघटनेचा एक सदस्य १९९२ मध्ये रेल्वेगाडीतून पडून जबर जखमी झाला, तेव्हा एकामागून एक शासकीय रुग्णालयांनी खाट किंवा साधने नसल्याचे सांगून त्याला परत पाठविले. अखेर त्याला खाजगी रुग्णालयात खर्च करून उपचार घ्यावे लागले. या प्रकरणी १९९६ मध्ये निकाल देताना, शासकीय रुग्णालयाने वेळेवर उपचार न देणे हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भंग असून पैशाच्या अभावाची सबब राज्याला सांगता येणार नाही, असे न्यायालयाने ठरविले आणि भरपाई देवविली. राजस्थानने २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा स्वतंत्र कायदा केला.

मूल्यमापन : राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी लोकांच्या खिशातून होणाऱ्या खर्चाचा वाटा २०१३–१४ मध्ये ६४·२ टक्के होता, तो २०२१–२२ मध्ये ३९·४ टक्क्यांवर आला. याच अवधीत शासनाचा आरोग्यखर्च स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या १·१५ टक्क्यांवरून १·८४ टक्क्यांपर्यंत वाढला. ही प्रगती लक्षणीय असली, तरी २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत गाठावयाचे म्हणून ठरविलेले २·५ टक्क्यांचे उद्दिष्ट याहून बरेच वरचे आहे.

विमा खर्चाची भरपाई करतो. तो रुग्णालय बांधत नाही किंवा डॉक्टर नेमत नाही. योजनांशी संलग्न असलेली सुसज्ज रुग्णालये प्रामुख्याने शहरांत असल्यामुळे दुर्गम भागातील विमित व्यक्तीला कागदावरील हक्क बजावण्यासाठी प्रवासखर्च व बुडालेला रोज सोसावा लागतो. मधुमेह, रक्तदाब, क्षय यांसारख्या दीर्घकालीन रोगांत खर्चाचा मोठा भाग औषधे व तपासण्या यांवर होतो आणि रुग्णालयीन उपचारांपुरत्या योजनांत तो बाहेरच राहतो. दर उपचारामागे ठराविक रक्कम देण्याच्या पद्धतीत अनावश्यक शस्त्रक्रियांचा धोका असतो. छत्तीसगढ व बिहार राज्यांत २०१२ च्या सुमारास गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांविषयी अशा तक्रारी होऊन चौकश्या कराव्या लागल्या. प्रधानमंत्री जनआरोग्य योजनेसंबंधीच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालातही, मृत म्हणून नोंद झालेल्या रुग्णांच्या नावे पुन्हा उपचार दाखविल्याचे प्रकार निदर्शनास आणण्यात आले.

आदारकरांनी मांडलेले सामाजिक विम्याचे तत्त्व व भोर समितीने मांडलेले सार्वत्रिक सेवेचे तत्त्व ही परस्परविरोधी नाहीत. पहिल्याने निधीची निश्चिती साधते, तर दुसऱ्याने कोणीही वगळले जात नाही. मात्र विमा परिणामकारक ठरण्यासाठी जवळचे आरोग्य केंद्र उघडे असणे, तेथे डॉक्टर व औषध असणे ही पूर्वअट आहे. ती जेथे पूर्ण होते, तेथे विमापत्र आजाऱ्याच्या उपयोगी पडते. जेथे ती पूर्ण होत नाही, तेथे विमित व अविमित यांच्यात रुग्णाच्या दृष्टीने फारसा फरक उरत नाही.